यीस्ट मागितलं की मिळतं

पुण्यातल्या लहान ब्रूअरीवाल्यांची, म्हणजे स्वतः बिअर करून विकणाऱ्यांची, एक रीत मला फार आवडते. एखाद्याचं बिअर आंबवायचं यीस्ट बिघडलं किंवा मागवलेलं पार्सल कस्टममध्ये अडकून पडलं, की तो सरळ दुसऱ्या ब्रूअरला फोन लावतो. हा दुसरा म्हणजे धंद्यातला स्पर्धकच. शनिवारी रात्री दोघांचं गिऱ्हाईक एकच असतं. तरी पलीकडून उत्तर येतं, "ये की, गव्हाच्या बिअरचं आजच काढलंय, घेऊन जा." मागणारा बर्फाचा डबा घेऊन जातो आणि यीस्ट घेऊन येतो. पैशांचा विषय निघत नाही.

मी स्वतः बिअर करत नाही, टाक्या करतो. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमचं स्टेनलेस स्टीलचं फॅब्रिकेशनचं शेड आहे, आण्णांनी सुरू केलेलं. आमचा सगळा भाग दुधाचा, त्यामुळं बल्क कूलर, सायलो, बॅलन्स टँक यांवरच घर चाललं. राज्यानं २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, पलूसला वाइन पार्क उभं राहिलं, तेव्हा आण्णांनी वाइनच्या टाक्याही केल्या. पुढं पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रूअरी, म्हणजे जागेवरच बिअर करून विकणारी लहान ब्रूअरी, सुरू झाली आणि हळूहळू अशा ब्रूअरी वाढत गेल्या. काही वर्षांनी त्यातला एक मुलगा कुणाकडून तरी आमचा पत्ता काढून कुपवाडला आला. त्यानं आमची वाइनची एक टाकी पाहिली होती.

आण्णा माळकरी आहेत. आषाढीला चालत जातात. बिअरच्या टाकीची ऑर्डर घ्यावी की नाही, हे त्यांना विचारल्याशिवाय मला चैन पडेना. त्यांनी ड्रॉइंग नीट पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "दुधाची असो, नायतर आणि कशाची असो, आतनं स्वच्छ ऱ्हायली पायजे. टाकीत हयगय करू नको." त्यांनी आजवर बिअरचा थेंबही घेतलेला नाही, पण तो मुलगा आला की त्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत.

दुधाची टाकी आणि फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायची टाकी, यांत बराच फरक आहे. दुधाच्या टाकीत दाब नसतो. फर्मेंटरमध्ये यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्यामुळं आत दाब धरावा लागतो आणि वर सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो. तळ सपाट चालत नाही, साधारण साठ अंशांचा कोन करावा लागतो, म्हणजे काम संपल्यावर यीस्ट घसरून खाली बसतं आणि खालच्या व्हॉल्व्हमधून काढता येतं. बाहेरून डिंपल जॅकेट, म्हणजे खळग्या-खळग्यांचा दुसरा पत्रा, त्यातून थंड ग्लायकॉल, म्हणजे सहज न गोठणारा द्रव, फिरतं. कोनाला वेगळं जॅकेट लागतं, नाहीतर तळाशी बसलेलं यीस्ट आतल्या आत गरम होऊन मरतं आणि बिअरला वास मारतो. हे सगळं मला पुस्तकातून कळलं नाही. त्या मुलानं आणि त्याच्या ओळखीच्या दोन ब्रूअरनी शेडमध्ये बसून, खडूनं फरशीवर काढून समजावलं. ऑर्डर एकाची होती आणि शिकवायला तिघं आले होते.

पहिली टाकी तयार झाली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. तपासायला तिघंही सांगलीला आले. त्यातला एक बूट काढून मॅनहोलमधून आत उतरला. नवी कोरी टाकी, आत गॅस असायचं कारण नव्हतं, तरी दुसरा तोंडाशी बसून त्याच्याशी एकसारखा बोलत राहिला. चालू ब्रूअरीत कार्बन डायऑक्साइड टाकीच्या तळाशी साचून राहतो आणि माणूस आत उतरला तर दोन श्वासांत कोसळू शकतो, म्हणून त्यांना ती सवयच लागलेली. आतल्यानं टॉर्च लावली आणि खिशातून कापसाचा बोळा काढला. प्रत्येक वेल्डवरून तो बोळा सावकाश फिरवत गेला. उभा जोड झाला, आडवा झाला, मग कोन जिथं बसतो तो गोल जोड. एका ठिकाणी थांबला. कापसाचा एक तंतू वेल्डला अडकून राहिला होता. डोळ्यांना तिथं काही दिसत नव्हतं, बोटालाही लागत नव्हतं.

"दादा, इथं घासावं लागेल," आतून आवाज आला. आमच्या मिस्त्रींनी तिथं पॉलिश मारलं, परत कापूस फिरला, परत अडकला, परत पॉलिश. असं करत संध्याकाळ झाली. जिथं कापसाचा तंतू अडकतो तिथं लॅक्टोबॅसिलस हा आंबट करणारा जिवाणूही बसतो. एकदा बसला की कॉस्टिक सोड्यानं धुतलं तरी त्या खड्ड्यातून हलत नाही आणि पुढची प्रत्येक बिअर आंबट करत राहतो. टिग वेल्डिंग करताना मागच्या बाजूनं आर्गॉन गॅस सोडला नाही तर वेल्ड आतून काळा आणि दाणेदार होतो. आर्गॉन सोडला की आतलाही जोड चकचकीत येतो. आम्ही आर्गॉन सोडतच होतो, पण त्या दिवसापासून शेडमध्ये कापसाचं बंडल कायमचं आलं. आता दुधाच्या टाक्याही आम्ही कापूस फिरवून देतो.

नंतर कामानिमित्त पुण्याला जाणं वाढलं. बाणेर, मुंढवा, कोरेगाव पार्क, जिथं ब्रूअरी असेल तिथं. चाखायचं असेल त्या दिवशी मी गाडी काढत नाही, मिरजेहून कोयना एक्सप्रेस धरतो. ब्रूअरीत माणसं समोरच्या बाजूनं शिरतात, टेबलं आणि दिव्यांच्या बाजूनं. मी मागच्या दारानं जातो. तिथं ओल्या माल्टचा वास असतो, गरम, गोडसर. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, दळून साधारण पासष्ट अंशांच्या पाण्यात तासभर भिजवतात. धान्यातलेच एन्झाइम स्टार्चची साखर करतात. ते गोड पाणी गाळून उकळायचं, त्यात कडवटपणा आणि वास देणारी हॉप्सची फुलं घालायची, थंड करायचं, यीस्ट सोडायचं. एवढं ऐकायला सोपं आहे. हजार लिटर बिअरला साधारण दोनशे किलो माल्ट लागतो, आणि गाळून उरलेला चोथा त्याच दिवशी उचलावा लागतो, नाहीतर आंबतो. मी एका ब्रूअरची गाठ ओळखीच्या गोठेवाल्याशी घालून दिली. आता चोथा रोज सकाळी टेंपोनं जातो.

पण मला सांगायचंय ते या माणसांच्या एकमेकांशी वागण्याबद्दल.

एका ब्रूअरीत एक टाकी चेपली. आमची नव्हती, पण ते महत्त्वाचं नाही. गरम कॉस्टिकनं टाकी धुतली, लगेच थंड पाणी सोडलं, आतली वाफ एकदम आकसली आणि आत पोकळी झाली की बाहेरची हवा आत घेणारा वरचा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह चिकटून बसलेला. आतून दोन बार दाब आरामात सोसणारी टाकी बाहेरच्या हवेच्या दाबापुढं आत गेली. शिवाय टाकीत कार्बन डायऑक्साइड शिल्लक असताना कॉस्टिक फिरवलं, तर कॉस्टिक तो गॅस शोषून घेतं आणि त्यानंही आत पोकळी होते. लाखो रुपयांची टाकी काही क्षणांत गेली. कुठल्याही धंद्यात अशी गोष्ट माणूस झाकून ठेवतो. मालक रागावलेला, गिऱ्हाइकात नाव जाईल ही भीती. त्या ब्रूअरनं त्याच रात्री चेपलेल्या टाकीचे फोटो बाकीच्या सगळ्यांना पाठवले. खाली लिहिलं होतं की आपापले व्हॅक्यूम व्हॉल्व्ह उद्या सकाळी उघडून बघा, वरची हवेची वाट उघडी ठेवूनच धुवा, आणि आधी गॅस काढून टाका.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ठिकाणचे व्हॉल्व्ह चिकटलेले सापडले. त्यांतला एक आमच्या टाकीवरचा. मी त्याच दिवशी नवा व्हॉल्व्ह घेऊन गेलो. आणि ज्याची टाकी गेली होती, त्याची बिअर पुढचा जवळपास महिनाभर कमी पडत होती. तर दुसऱ्या एका ब्रूअरनं आपल्याकडचे हॉप्स आणि माल्टची पोती त्याला काढून दिली, आणि तिसरा रात्रीची पाळी संपल्यावर हाताशी मदतीला जाऊन राहिला. मी हे डोळ्यांनी पाहिलं. माल्टचं पोतं पंचवीस किलोचं असतं, ते खांद्यावरून जिन्यानं वर नेणं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

यीस्टचं मला आधी नवल वाटायचं. मग एकदा समोर काढताना पाहिलं. बिअर थंड केली की यीस्ट कोनात बसतं. खालचा व्हॉल्व्ह उघडला की आधी तपकिरी, घाण गाळ येतो, तो सोडून द्यायचा. मग पांढरंशुभ्र, सायीसारखं दाट यीस्ट येतं. हेच घ्यायचं. एका बॅचमध्ये यीस्ट तिपटी-चौपटीनं वाढतं, त्यामुळं पुढच्या बॅचला घेतलं तरी बरंचसं उरतं आणि गटारात जातं. आपल्याकडं शेजारच्या काकूंकडून वाटीभर विरजण आणायचं, तसंच हे. दिल्यानं देणाऱ्याचं काही कमी होत नाही.

पण खरी देवाणघेवाण त्या पांढऱ्या लगद्याची नसते. देणारा सोबत सांगतो, "हे चौथ्या वेळचं आहे, मागच्या बॅचला जरा हळू चाललं होतं, तीन दिवसांच्या आत वापर." त्यानं हे सांगितलं नाही, तर घेणाऱ्याची हजार लिटर बिअर वाया जाऊ शकते. गव्हाच्या बिअरचं यीस्ट बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास देतं, आणि ते किती वेळा वापरलंय, कुठल्या तापमानाला चाललंय, यावर केळं पुढं येणार की लवंग, हे ठरतं. म्हणजे तो आपल्या बिअरची चावीच दुसऱ्याच्या हातात देतो. आणि मनापासून देतो.

त्यांची बैठक बहुतेक सोमवारी असते. सोमवारी गर्दी कमी. कुणाच्या तरी ब्रूअरीत, मागच्या बाजूला, टाक्यांच्या मधल्या ओल्या फरशीवर उभ्यानंच. प्रत्येक टाकीला नमुना काढायचा एक बारका कॉक असतो, तिथून थेट ग्लासात. त्यात एक ताई आहेत, मूळच्या कराडच्या, शिवाजी विद्यापीठातून मायक्रोबायोलॉजी केलेल्या. गावाकडून कुणी आलं की त्यांचं बोलणंच बदलतं. मला पाहिलं की, "काय दादा, कृष्णामाईला पाणी हाय का?" हा पहिला प्रश्न. मग बिअरकडं.

एका सोमवारी एकाची नवी लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर, चाखायला आली होती. रंग सुरेख, फेस छान. मी एक घोट घेतला आणि म्हणालो, "ह्याला लोण्याचा वास येतोय." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला तो वास चांगला माहीत होता. डेअरीत बटर करताना तोच वास यावा म्हणून मुद्दाम कल्चर घालतात. त्या पदार्थाचं नाव डायसिटिल. लोण्यात तो गुण, बिअरमध्ये, विशेषतः लागरमध्ये, दोष. ताईंनी वास घेतला आणि मान हलवली. मग दोन झाकलेले ग्लास घेतले. एक साठ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवला, दुसरा तसाच. गार झाल्यावर गरम केलेल्या ग्लासाला लोण्याचा वास जास्त निघाला. म्हणजे डायसिटिल पूर्ण बाहेर यायचाच बाकी होता. आत त्याचं कच्चं रूप शिल्लक होतं आणि गिऱ्हाइकाच्या ग्लासात त्याचं लोणी झालं असतं.

ताईंनी त्याला तिथल्या तिथं, सगळ्यांदेखत सांगितलं, "ही शुक्रवारी नळाला लावू नकोस." त्या दिवशी लावायचं म्हणून मालकानं फलक छापून घेतला होता. त्यानं फक्त विचारलं, "किती दिवस?" उत्तर असं, की तापमान दोन-तीन अंशांनी वाढव, यीस्ट जागं राहील आणि तो डायसिटिल स्वतःच खाऊन टाकेल, दोन-तीन दिवसांनी परत हीच चाचणी कर. त्यानं मालकाला समजावलं, फलक बाजूला ठेवला आणि तसंच केलं. पुढच्या खेपेला ती लागर मी प्यालो. इतकी स्वच्छ बिअर मी क्वचितच प्यायलो असेन.

स्पर्धकाचा माल उद्या खराब निघणार हे माहीत असताना त्याला आज सांगणं, आणि ऐकणाऱ्यानं ते मनाला लावून न घेणं, या दोन्ही गोष्टी मी आमच्या धंद्यात पाहिलेल्या नव्हत्या. मी विचारलंही ताईंना. त्या म्हणाल्या, "दादा, माणूस आयुष्यात पहिल्यांदा क्राफ्ट बिअर पितो आणि ती खराब निघते, तर तो ‘अमक्याची खराब’ म्हणत नाही. ‘असली बिअर आपल्याला नको’ म्हणतो. मग माझ्याकडंही येत नाही." हे खरं आहेच. पण माझ्या मते ते अर्धंच कारण आहे. रात्री दोन वाजता केटल उकळताना एकट्यानं उभं राहिलेल्या माणसाला, तसंच उभं राहणारा दुसरा माणूस परका वाटत नाही. त्यांचे फोन रात्रीच चालतात, मी ऐकलेत.

आमच्या कुपवाडला एक शेडवाला दुसऱ्या शेडवाल्याला ड्रॉइंग दाखवत नाही. रोलिंगला पत्रा लावला असेल आणि कुणी आत आलं, तर मशीन बंद करायची पद्धत. मी तेच बघत मोठा झालो. दोन वर्षांमागं आमच्या लगतच्या शेडवाल्याला पहिल्यांदाच फर्मेंटरची ऑर्डर आली. कोनाचं जॅकेट त्याला जमत नव्हतं, स्पॉट वेल्ड मारले की पत्रा आत ओढला जायचा. तो विचारायला आला नाही, येणारही नव्हता. मीच गेलो. आमचं ड्रॉइंग दिलं, स्पॉट मारायचा क्रम सांगितला आणि आर्गॉन सोडायची आमची जिग, म्हणजे त्यासाठी केलेला साचा, दोन दिवस त्याच्याकडं ठेवली.

मिस्त्री माझ्यावर नाराज झाले. "मालक, सोताच्याच पोटावर पाय आणून घ्यायलाय." तीस वर्षं आण्णांसोबत काम केलेला माणूस, त्यांचं बोलणं मी टाळू शकत नाही. मी त्यांना पुढच्या पुणे दौऱ्यात सोबत नेलं. ते माळकरी नाहीत, पण पीत नाहीत. सोमवारच्या बैठकीत कडेला स्टुलावर बसून सगळं बघत होते. एकानं दुसऱ्याला सोबत आणलेलं पंपाचं सील बसवून दिलं, तिसऱ्यानं फ्रीझरमधून हॉप्सचं पाकीट काढून दिलं. हॉप्स म्हणजे हिरव्या गोळ्यांचं चांदीच्या कागदातलं पाकीट, तेही मुख्यतः जर्मनी-अमेरिकेतून येणारं, त्यामुळं महाग. मिस्त्रींनी पाकीट हातात घेऊन वास घेतला आणि किंमत विचारली. परत येताना साताऱ्यापर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जिग अजून एक करून ठिवू. सारखी मागाय येतील." आता आमच्याकडं दोन जिग आहेत. लगतच्या शेडवाल्याकडं मोठं बेंडिंग मशीन आहे, ते आम्हाला लागलं की मिळतं.

सध्या नवीन खटाटोप बेदाण्याचा चाललाय. कोकम घातलेली बिअर पुण्यात मिळते, मग सांगलीचं काहीतरी असावं असं ताईंच्या मनात आलं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. गडद, बेल्जियन पद्धतीच्या बिअरमध्ये बेदाणा चांगला बसतो. मी म्हणालो, माझा चुलतभाऊ सावळजला आहे, त्याची बाग आणि बेदाण्याचं शेड आहे, हवा तेवढा देतो. पण त्यांनी आधी खोदून विचारायला सुरुवात केली. बेदाणा कसा वाळवता? कशात बुडवता? धुरी देता का?

द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर सावलीत पसरतात. दोन आठवड्यांत माल तयार. नंतर रंग पिवळाधमक यावा म्हणून बऱ्याच ठिकाणी गंधकाची धुरी देतात. ताईंच्या लेखी दोन्ही अडचणीच्या गोष्टी. तेलाचा अंश राहिला की बिअरचा फेस टिकत नाही आणि गंधकाचा राहिला की यीस्ट दबतं. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "धुरी न दिलेला माल काळपट दिसतो रं, बाजारात भाव न्हाई त्याला." ताई म्हणाल्या, काळपटच द्या, बिअर काळीच करायची आहे. मग आम्ही धुरी न दिलेला वीस किलो माल कोमट पाण्यात दोनदा धुऊन नेला. हजार लिटरला वीस किलो, उकळी संपायच्या शेवटच्या दहा मिनिटांत.

ती बिअर मला मनापासून आवडली. मनुकेचा गोडवा नव्हता, साखर यीस्टनं सगळी खाल्लेली. पण घोट गिळल्यावर मागं वाळल्या द्राक्षाची चव राहत होती, सावळजच्या शेडमध्ये मार्चमध्ये येते तशीच. भावासाठी बाटली नेता आली नाही, म्हणून त्यालाच पुण्याला नेलं. त्यानं ग्लास उजेडाकडं धरला, प्यायला आणि लगेच घरी फोन करून सांगितलं की काळा माल वेगळा ठेवा.

ताईंनी त्याच आठवड्यात सगळी कृती, माप, धुण्याची पद्धत आणि माझ्या भावाचा नंबर, त्याला विचारून, बाकीच्या ब्रूअरना पाठवून दिला. यंदा आणखी तिघांनी मागणी नोंदवली आहे. पुण्या-कोल्हापुरात कुणी ब्रूअर हे वाचत असेल तर त्यानं ऑक्टोबर छाटणी झाली की लगेच कळवावं. धुरी न देता ठेवायचा माल कुठल्या जाळीवर पसरायचा ते भावाला आधी ठरवावं लागतं, एकदा गंधक लागल्यावर त्याचा काही उपयोग नाही.